आत्याचं ऑफिस

माझी आत्या गाड्यांचे पुढचे दिवे दुरुस्त करते. सगळे दिवे नाहीत. ज्यांच्या आत पाणी शिरलंय, ज्यांची काच आतून धुरकटली आहे, तेवढेच. इंजिनाला ती हात लावत नाही. कुणी म्हणालं, "आलोच आहे तर जरा हॉर्नचंही बघा ना," तर ती पलीकडच्या दुकानाकडे हनुवटीने खूण करते आणि आपल्या कामाला लागते. एवढ्याशा कामावर माणसाचं पोट भरतं का, असं लोक मला विचारतात. भरतं. आत्याचं तर चांगलं गरगरीत भरलं आहे.

तरुणपणी ती गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात काउंटरवर होती. दिव्यात पाणी गेलं म्हणून गिऱ्हाईक यायचं, मालक त्याला अख्खा नवा दिवा विकायचा आणि जुना मागच्या अंगणात भिरकावून द्यायचा. आत्या संध्याकाळी त्यातला एखादा उचलून घरी आणायची. आजी कपाळाला हात लावायची. "लोकांच्या मुली येताना फुलं आणतात, आमची भंगार आणते!" पहिला दिवा तिने घरच्या ओव्हनमध्ये घालून गरम केला, तर त्याचा लगदा झाला आणि स्वयंपाकघरात कितीतरी दिवस जळक्या प्लास्टिकचा वास येत राहिला. दुसऱ्याला घाई केली तर काच तडकली. असे किती तडकले ते तिलाच माहीत. पण पुढे हात बसला, आणि काउंटर सोडून तिने गॅरेजांच्या गल्लीत एक लांबट खोली भाड्याने घेतली. डावीकडे टायरवाला, उजवीकडे सीटकव्हरवाला, मध्ये ही.

खोलीत शिरल्या शिरल्या एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात दिवा ठेवून हळूहळू गरम करायचा, म्हणजे काच आणि मागचं भांडं यांना चिकटवणारा काळा डिंक मऊ होतो. मग चपटी पट्टी घालून काच सोडवायची. ते आत्याचं सगळ्यात नाजूक काम. त्या वेळी तिच्याशी बोललेलं तिला खपत नाही, आणि बोलायचा माझा स्वभाव असल्याने मी तेवढा वेळ टायरवाल्याकडे जाऊन बसते. काच निघाली की आतलं पुसायचं, वाळवायचं, जुना डिंक खरवडायचा, नवा भरायचा, चिमटे लावून दाबून ठेवायचं. शेवटी दिवा पाण्याच्या टबात बुडवून मागच्या नळीतून फुंकर मारायची. बुडबुडा आला की कुठेतरी फट आहे, पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं करून आत्याच्या नखांत डिंकाची काळी रेघ कायमची बसली आहे. साबण, रॉकेल, लिंबू, सगळं करून झालं. आता ती प्रयत्नही करत नाही.

याच नखांवरून आमच्या घरात महाभारत झालं.

माझ्या मोठ्या बहिणीचं, थोरलीचं, लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडची माणसं आमच्या घरी जेवायला जमली. थोरलीचे सासरे म्हणजे कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि बोलणं सगळं त्यांच्या गाडीबद्दल. आत्या वाढायला मदत करत होती. तिने त्यांच्या पानात वाढलं तेव्हा त्यांची नजर तिच्या बोटांवर गेली. त्यांनी काही म्हटलं नाही, पण बाबांनी ती नजर बघितली. आणि सासऱ्यांनी, "ताई काय करतात?" एवढं साधं विचारलं, तर बाबा पटकन म्हणाले, "ऑफिसात आहे. विमा कंपनीच्या."

माझे बाबा टॅक्सी चालवतात. त्यांनी स्वतःचं काम कधी कुणापासून लपवलं नाही. मग सख्ख्या बहिणीचं का लपवावं? मला अजून राग येतो. पण त्या वेळी मीही पाण्याचे पेले भरत राहिले. आत्याने हातातलं भांडं खाली ठेवलं. तिचं स्वतःचं पान मांडलेलं होतं. ती त्यावर बसलीच नाही. चपला घालताना ती बाबांना हळूच म्हणाली, "मी ऑफिसात जाते. तिथे तुझी गाडी आणू नकोस." आणि निघून गेली.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. थोरलीला मूल झालं, ते शाळेत जायला लागलं, तरी बंद. लग्नाला आत्या आली, पण दारातूनच आहेर देऊन गेली. बाबांच्या नाकावर माशी बसलेली चालत नाही, आणि आत्या तर त्यांची मोठी बहीण. मी मात्र आत्याकडे जात राहिले. बाबांना ते ठाऊक होतं. मी परत आले की ते पेपर वाचत असल्यासारखे विचारायचे, "बाहेर गेली होतीस?" आणि उत्तर ऐकायला कान टवकारून बसायचे.

आता टॅक्सीकडे वळते, कारण घोडं तिथेच अडलं.

गेल्या थंडीत बाबांच्या टॅक्सीचा उजवा दिवा आतून धुरकटायला लागला. सकाळी काचेवर बारीक धुकं, दुपारपर्यंत साफ. यात काही बिघडलेलं नव्हतं. दिव्याच्या मागे एक बारीक नळी असते, तिच्यातून आतली हवा ये-जा करते. थंडीत धुकं धरतं, दिवा थोडा वेळ लावला की जातं. हे मला आत्यामुळे माहीत होतं आणि मी सांगितलंही. पण ते ज्ञान कुठून आलंय हे बाबांना कळलं, आणि तिथेच ते बाद झालं.

मग बाबांचे प्रयोग सुरू झाले. आधी आईचं केस वाळवायचं यंत्र. ते जळलं, आईने दोन दिवस अबोला धरला. मग बुटांच्या खोक्यातल्या त्या पांढऱ्या खड्यांच्या पुड्या मागच्या झाकणातून आत सोडल्या. त्यातली एक फुटली आणि खडे दिव्यात खुळखुळायला लागले. शेवटी त्यांनी रामबाण उपाय शोधला. बाजारातून सिलिकॉनची नळी आणली आणि दिव्याला जिथे जिथे म्हणून भोक, फट, नळी दिसली तिथे तिथे ती पिळली. "आता बघतो कुठून येतं पाणी!" म्हणाले. पाणी यायचं थांबलं असेल, पण आत होतं त्याची जायची वाटही बंद झाली. शिवाय वरच्या कोपऱ्यातली एक खरी फट त्यांच्या नजरेतून सुटली होती. दोन-चार वेळा गाडी धुतल्यावर दिव्याच्या तळाशी चांगलं बोटभर पाणी साठलं. वळणावर ते हिंदकळायचं. स्टँडवरचे टॅक्सीवाले विचारायला लागले, "मासे कधी सोडताय?"

त्यात गाडीची तपासणी आली. साहेबाने दिवा बघितला आणि गाडी नापास केली. महिनाअखेरीला पुन्हा आणा, म्हणाला. तोवर दिवा ठीक नसेल तर टॅक्सी रस्त्यावर काढायची नाही. बाबा नवा दिवा शोधत सगळं शहर पालथं घालून आले. त्यांचं मॉडेल इतकं जुनं की दुकानदारांना नाव ऐकूनच हसू यायचं. दिवा मिळाला नाही.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर बाबांनी दिवा काढून आणला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. मग भिंतीकडे बघून म्हणाले, "कुणाला हे कुठे दाखवायचं असेल तर दाखवा."

घरात मी आणि आई. आईने माझ्याकडे बघितलं. मी टॉवेल उचलला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी तो दिवा मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईंनी मोठ्या मायेने विचारलं, "किती महिन्यांचं?" मी टॉवेल बाजूला केला तेव्हा त्या दुसऱ्या सीटवर जाऊन बसल्या.

आत्याने दिवा उजेडात धरला, हलवला, खुळखुळ ऐकली. कुणाचा, हे तिने विचारलं नाही. सिलिकॉनचे ते थर नखाने खरवडत ती म्हणाली, "अगं बाई! हे कुणी केलं? श्वासच कोंडलाय बिचाऱ्याचा."

"आमच्याकडच्या एका तज्ज्ञांनी."

ती हसली, पण थोडंच. काम मात्र तिने असं केलं की मी आयुष्यात तसं बघितलं नव्हतं. सिलिकॉन सोलून काढायलाच दिवस गेला. मग पेटी, पट्टी, पुसणं. आतला चकचकीत भाग ती मऊ कापडाने नुसता टिपत होती, कारण तो घासला की गेलाच. टबात बुडवला तेव्हा कोपऱ्यातून बुडबुडे आले, तिने पुन्हा उघडला. तिसऱ्या खेपेला पाणी शांत राहिलं. मी हात पुढे केला, तर तिने दिवा आपल्याकडे ओढला.

"नुसता बसवून चालत नाही. प्रकाश कुठे पडतो ते लावावं लागतं. गाडी इथे आणायला सांग. आणि चालवणारा सीटवर बसलेला पाहिजे. त्याच्या वजनाने गाडी जेवढी दबते, त्यावर सगळं असतं."

"आत्या, ते येणार नाहीत."

"मग राहिलं," ती म्हणाली. तरी दिवा तिने टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिला.

बाबांनी निरोप ऐकला आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. "चार स्क्रू आहेत! मला काय शिकवते?" त्यांनी दिवा स्वतः बसवला. काच लखलखीत, आत थेंब नाही. बाबा खुशीत. संध्याकाळी आम्हाला दोघींना घेऊन कोपऱ्यापर्यंत चक्कर मारली, तर एक दिवा रस्त्यावर आणि दुसरा समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. एक आजोबा गॅलरीत येऊन हातवारे करायला लागले. समोरून येणारा प्रत्येक जण हॉर्न वाजवत आणि शिव्या देत गेला. बाबांनी गाडी बाजूला घेऊन स्क्रू पिळले, तेव्हा प्रकाश दुसऱ्या मजल्यावरून थेट गटारात उतरला.

घरी आल्यावर आई म्हणाली, "सीटवर बसायचंय फक्त. तोंड उघडायला कुणी सांगितलंय?"

हे बाबांना पटलं. तोंड न उघडणं त्यांना जमण्यासारखं होतं.

आम्ही दुपारी गेलो. गल्लीत गाडी शिरली तशी टायरवाल्याने मला हात केला आणि बाबांकडे टक लावून बघत राहिला. आत्याने बाबांकडे न बघता हाताने इशारा केला. पुढे. अजून. थांब. खोलीच्या मागच्या भिंतीवर पांढरा रंग आणि त्यावर काळ्या रेघा आहेत. तिने शटर निम्मं ओढून अंधार केला, गाडीच्या नाकासमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "लाव."

बाबांनी दिवे लावले. ती स्क्रू फिरवत होती, मान वळवून भिंत बघत होती, पुन्हा फिरवत होती. बाबा आत, ती बाहेर, मध्ये काच. मी बाजूला उभी राहून कधी यांच्याकडे कधी तिच्याकडे बघत होते. एकदा बाबा पुढे वाकून तिचे हात बघायला लागले.

"सरळ बस," आत्या म्हणाली. "वाकलास की प्रकाश हलतो."

बाबा सरळ बसले. ते "लाव" सोडलं तर इतक्या वर्षांत तिने त्यांना उद्देशून म्हटलेलं हे पहिलं वाक्य.

तेवढ्यात एक पाववाला आपली व्हॅन घेऊन आला. नेहमीचं गिऱ्हाईक असावं. शटरखालून वाकून आत आला आणि बाबांना बघून त्याने सहज विचारलं, "हे कोण, बाई?"

आत्याचा स्क्रूवरचा हात थांबला. ती बाबांकडे बघत राहिली. काचेतून नीट, सरळ. मलाही वाटलं, आता म्हणतील. दोन शब्दांचं काम होतं. बाबांनी घसा खाकरला, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि समोरच्या भिंतीकडे बघायला लागले.

"गिऱ्हाईक आहे," आत्या म्हणाली आणि स्क्रू फिरवायला लागली.

मला तेव्हा बाबांना गाडीतून ओढून बाहेर काढावंसं वाटलं.

भिंतीवर दोन्ही दिव्यांचा उजेड एका रेघेत आला. आत्या उठली, गुडघे झटकले. "झालं. आता ती नळी परत बुजवू नकोस. थंडीत थोडं धुकं धरेल, ते आपोआप जातं. त्याला काही करायला जाऊ नकोस." बाबांनी गाडी मागे घेतली आणि खाली उतरले. पाकिटाकडे हात नेला, तर तिने मान हलवली. मग तिथेच घुटमळत राहिले.

पाववाल्याने किल्ली तिच्या हातात दिली. "बाई, मला पलीकडे माल पोचवायचाय, नेहमीसारखं करून ठेवा." आणि तो गेलासुद्धा. आत्याने व्हॅन भिंतीसमोर लावली, कोपऱ्यातून वाळूने भरलेलं एक पोतं ओढत आणलं आणि चालकाच्या सीटवर चढवलं. मग त्यावर दुसरं, लहान. पाववाला जाडा होता. पोत्यांना तिने व्यवस्थित टेकवून बसवलं आणि दिवे लावले.

बाबा बघत होते. "हे असं चालतं?" त्यांनी विचारलं.

"चालतं की. अर्धी गिऱ्हाइकं किल्ली टाकून जातात."

"मग मला कशाला बोलावलंस? माझ्या जागी पोतं ठेवायचं होतंस."

आत्या व्हॅनसमोर गुडघ्यांवर बसली होती. तिने वळून बघितलं नाही.

"पोती आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. "भाऊ नव्हता. म्हटलं, या निमित्ताने तरी येऊन बसेल. आणि बसलास तेव्हा पोत्याइतकंच बोललास."

टायरवाल्याच्या दुकानातलं यंत्र बंद पडलं होतं, की त्याने मुद्दाम बंद केलं होतं, कुणास ठाऊक. बाबा गाडीत जाऊन बसले. मी आत्याच्या पाठीवर हात ठेवला. "जा तू," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. ते पुसायला तिने हाताचा मागचा भाग वापरला, कारण बोटांना डिंक होता.

महिनाअखेरीला तपासणी झाली. आईने मला सोबत पाठवलं होतं, बाबांनी साहेबाशी हुज्जत घालू नये म्हणून. काही गरज पडली नाही. साहेबाने दिव्यावर टिचकी मारली, प्रकाश यंत्रावर बघितला, म्हणाला, "नवा मिळाला वाटतं," आणि पुढच्या गाडीकडे गेला. टॅक्सी पास झाली. आमच्या घराचा घोर मिटला.

बाबांनी गाडी फाटकाबाहेर आणली आणि थांबवली. मला वाटलं आनंदाने आईला फोन करताहेत. पण पलीकडून जो आवाज आला तो कडक इस्त्रीच्या शर्टाचा होता. थोरलीचे सासरे.

बाबा म्हणाले, "नाही, तसं विशेष काही नाही. तुम्ही मागे म्हणाला होता ना, तुमच्या गाडीच्या दिव्यात पाणी धरतं... हो, तेच. तर माझ्या बहिणीकडे घेऊन जा... नाही, नाही, विमा कंपनीत नाही. कधीच नव्हती." इथे त्यांनी फोन या कानावरून त्या कानावर नेला. कपाळावर घाम आला होता, थंडी असून. "मी तुमच्याशी खोटं बोललो होतो. ती दिव्यांची कामं करते, गॅरेजांच्या गल्लीत. स्वतःच्या हातानं करते. माझी गाडी आज तिच्यामुळे पास झाली. मला लाज वाटली होती तेव्हा. तिची वाटायला नको होती. आता माझीच वाटते."

फोन ठेवल्यावर ते माझ्यावरच ओरडले, "बघतेस काय? पट्टा लाव!"

मी पट्टा लावला. आत्याला मात्र मी फोन केला नाही. हे सांगायचा हक्क माझा नव्हता.

रविवारी दुपारी तिचाच फोन आला.

"तुझ्या थोरलीचे सासरे आले होते सकाळी गाडी घेऊन."

"मग?"

"मग काय. उघडला दिवा. साधीच फट होती, आजच देऊन टाकला. प्रकाश लावायला बसवलं त्यांना सीटवर. बसून बसून कंटाळले आणि म्हणाले, 'आम्हाला वाटायचं तुम्ही ऑफिसात असता.' मी म्हटलं, हेच ते ऑफिस. सरळ बसा."

मी इतकी हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पलीकडे आत्या हसत नव्हती. मागे टायरवाल्याचं यंत्र घरघरत होतं.

"बाबा आहे का घरात?" तिने विचारलं.

"समोरच बसलेत. पेपर वाचताहेत." पेपर उलटा होता, पण ते मी सांगितलं नाही.

"त्याला सांग, मी येतेय रात्री. म्हणावं, तुझ्याकडे माझं एक जेवण राहिलंय."